टाइप-सी लावूनही मॉनिटर दिसेना

रावेरला आमचं केळी खरेदीचं काम. गाड्यांची भरती आणि पावत्या शेजारीशेजारी बघता याव्यात म्हणून वडिलांसाठी मोठा मॉनिटर आणला, टाइप-सी केबलने लॅपटॉपला जोडला, तर पडद्यावर नुसतं 'नो सिग्नल'.

विंडोज आणि पी दाबून 'एक्स्टेंड' निवडलं, मॉनिटरच्या मेनूत इनपुट बदललं. फरक नाही. कंट्रोल, शिफ्ट, विंडोज आणि बी एकत्र दाबलं की ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो, तेही केलं.

खरी गोम टाइप-सीमध्ये होती. तोंड सारखं असलं तरी प्रत्येक टाइप-सी पोर्टमधून चित्र जात नाही. पोर्टला डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड, म्हणजे त्याच पोर्टमधून चित्र पाठवायची सोय, असावा लागतो. शिवाय मोबाइलसोबत येणाऱ्या बऱ्याच केबल चार्जिंग आणि यूएसबी २.० पुरत्याच असतात, चित्रासाठी लागणाऱ्या तारा त्यांत नसतातच. विकताना हे गिऱ्हाइकाला सांगायलाच हवं. आमच्या पोर्टशेजारी डीपीची, म्हणजे डिस्प्लेपोर्टची, खूण होती, म्हणजे संशय केबलवरच. जळगावहून व्हिडिओ चालणारी केबल मागवली, जोडताच पडदा उजळला.

अशी खूण किंवा थंडरबोल्टचं (चित्रही पाठवणारा टाइप-सी पोर्टचा प्रकार) विजेच्या आकाराचं चिन्ह दिसत नसेल, तर आधी लॅपटॉपचं माहितीपत्रक बघा. पोर्टमधून चित्र जातच नसेल तर सरळ एचडीएमआय वापरा, महागडी केबल घेऊ नका.