नव्या देशात कुटुंबाच्या आरोग्याची माहिती कुठे शोधावी

परदेशात पोहोचल्यावर घर, बँक आणि मुलांची शाळा यांच्या धावपळीत आरोग्याचा विषय मागे पडतो, आणि मध्यरात्री मुलाला ताप भरला की फोनवर जे पान आधी उघडेल त्यावर विश्वास ठेवला जातो. म्हणून घरातले सगळे ठणठणीत असतानाच दोन-तीन भरवशाची संकेतस्थळे निवडून ठेवावीत, असा माझा नव्याने आलेल्या प्रत्येक कुटुंबाला आग्रह असतो.

सुरुवात त्या देशाच्या सरकारी यंत्रणेपासून करावी. ब्रिटनमध्ये एनएचएस, ऑस्ट्रेलियात हेल्थडायरेक्ट आणि अमेरिकेत नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनचे मेडलाइनप्लस ही संकेतस्थळे जाहिरातींवर चालत नाहीत. एनएचएसच्या बहुतेक लेखांच्या शेवटी मजकूर कधी तपासला आणि पुन्हा कधी तपासला जाणार, या दोन्ही तारखा दिलेल्या असतात. इतर कोणतेही संकेतस्थळ वाचताना हेच पाहावे: कोणी लिहिले, कोणी तपासले, कधी तपासले आणि खर्च कोण करते. आजाराच्या वर्णनाखालीच त्यावरची गोळी विकायला ठेवलेली असेल, तर ते पान बंद करावे.

माहिती खरी असली तरी ती आपल्याला जशीच्या तशी लागू पडेल असे नाही, आणि नवख्या कुटुंबांची गफलत बहुधा इथेच होते. उपाशीपोटी साखर १२६ किंवा अधिक म्हणजे मधुमेहाची शंका, हे आपल्यापैकी अनेकांना पाठ असते. पण हे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरचे माप भारत आणि अमेरिकेतले आहे. ब्रिटन, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात तीच पातळी ७.० मिलिमोल प्रति लिटर अशी लिहितात, आणि त्या आकड्याला १८ ने गुणले की आपल्या ओळखीचा आकडा मिळतो. वजनाचेही तसेच आहे. बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा, काढून देणारी अनेक साधने २५ च्या खाली सर्व ठीक असल्याचे सांगतात, परंतु दक्षिण आशियाई लोकांना मधुमेहाचा धोका त्याहून कमी वजनातच वाढू लागत असल्याने एनएचएस आपल्यासाठी २३ पासूनच वजन जास्त मानते. तान्ह्या बाळाच्या बाबतीत मात्र शोधत बसूच नये: तीन महिन्यांहून लहान बाळाचा ताप ३८ अंश सेल्सियस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट, किंवा त्याहून अधिक असेल तर लगेच डॉक्टरांशी बोलावे.

मानसिक आरोग्याची माहिती शोधताना दुप्पट काळजी हवी, कारण ती माणूस बहुधा घरच्यांपासून लपवून, एकटाच शोधतो. नोकरी सोडून आलेला जोडीदार दिवसभर घरात असतो, मुलाला शाळेत मित्र मिळत नाहीत, आणि 'होईल सवय' असे म्हणत महिने निघून जातात. पीएचक्यू-९ ही नैराश्याची लक्षणे तपासणारी, गेल्या दोन आठवड्यांविषयीची नऊ प्रश्नांची प्रश्नावली विनामूल्य मिळते. तिच्यात दहा किंवा अधिक गुण आले म्हणजे निदान झाले असे नव्हे, मात्र डॉक्टरांकडे जाण्यास ते पुरेसे कारण आहे. मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयीच्या नवव्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी असेल, तर एकूण गुण कितीही असोत, त्याच दिवशी मदत घ्यावी.

ऑनलाइन समुपदेशक निवडताना त्याचे नाव अधिकृत नोंदवहीत स्वतः शोधून पाहावे. ब्रिटनमध्ये स्वतःला 'कौन्सेलर' म्हणवून घेण्यावर कायद्याचे बंधन नाही. अमेरिकेत परवाना राज्यागणिक वेगळा असतो आणि साधारणपणे रुग्ण राहतो त्या राज्याचा तो लागतो. मातृभाषेत मन मोकळे करण्याची ओढ मी समजू शकतो, आणि मराठी बोलणारा समुपदेशक मिळाला तर उत्तमच, पण ही चौकशी त्याच्याबाबतही करावी. गोपनीयतेचे धोरणही वाचावे: ग्राहकांची आरोग्यविषयक माहिती जाहिरात कंपन्यांना पुरवल्याच्या आरोपावरून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ मध्ये एका मोठ्या ऑनलाइन समुपदेशन कंपनीला ७८ लाख डॉलर भरायला लावले होते.

मानसिक संकटाच्या वेळी मात्र संकेतस्थळ नको, माणसाचा आवाज हवा. अमेरिका आणि कॅनडात ९८८, ब्रिटनमध्ये समॅरिटन्सचा ११६ १२३ आणि ऑस्ट्रेलियात लाइफलाइनचा १३ ११ १४ हे क्रमांक अहोरात्र चालू असतात. आपल्या देशातला क्रमांक घरातल्या मोठ्या मुलांच्या फोनमध्येही आजच साठवून द्यावा आणि तो कशासाठी आहे, हे त्यांना स्पष्ट शब्दांत सांगावे.