वनड्राइव्ह बंद करायचंय? आधी फाइली उतरवून घ्या

विंडोजमधला वनड्राइव्ह (फाइली इंटरनेटवर, म्हणजे ‘ढगात’, ठेवणारं मायक्रोसॉफ्टचं अॅप) काढायला दोन मिनिटं पुरतात. घोळ होतो तो क्रम चुकल्यामुळे: आधी अनइन्स्टॉल केलं जातं आणि मग रिकामा डेस्कटॉप बघून धाबं दणाणतं. (नेट संथ झालं एवढीच तक्रार असेल, तर काढूच नका. घड्याळाजवळच्या ढगावर क्लिक करा, गिअरच्या मेनूत सिंक (फाइली ढगाशी जुळवत राहणं) २, ८ किंवा २४ तास थांबवता येतं.)

वनड्राइव्हचा बॅकअप चालू असेल तर तुमचा डेस्कटॉप मुळात वनड्राइव्हच्या फोल्डरात हललेला असतो. डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्सचंही तेच. शिवाय निळ्या ढगाची खूण असलेली फाइल कॉम्प्युटरवर नसतेच, दिसतं ते फक्त नाव. अशा फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा: साइज ४० एमबी दिसेल, पण साइज ऑन डिस्क शून्य. खातं तोडलं की ही नावंही कॉम्प्युटरवरून जातात. फाइल ढगात शाबूत असते, पण वेबसाइटवरून काढावी लागते.

म्हणून आधी वनड्राइव्हच्या फोल्डरातलं सगळं निवडा, राइट क्लिक करा आणि ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ म्हणा. भरीव हिरव्या गोलात पांढरी टिक सगळीकडे येईपर्यंत थांबा. डिस्कवर तेवढी जागा आहे ना, हे आधीच बघा.

मग ढगाच्या सेटिंग्जमध्ये ‘सिंक अँड बॅकअप’, त्यात ‘मॅनेज बॅकअप’, आणि तिथल्या सगळ्या फोल्डरांचे स्विच बंद. इथे डेस्कटॉप ओसाड दिसू शकतो. घाबरू नका, फाइली वनड्राइव्हमधल्या डेस्कटॉप फोल्डरात असतात. तिथून त्या नेहमीच्या डेस्कटॉपवर आणा, पण कॉपी करून. खातं जोडलेलं असताना कट-पेस्ट केलं किंवा काही डिलीट केलं, तर ते ढगातूनही जातं आणि त्याच खात्याच्या दुसऱ्या कॉम्प्युटरवरूनही. वैयक्तिक खात्यात वेबसाइटवरच्या रिसायकल बिनमध्ये ते ३० दिवस राहतं, नंतर नाही.

आता ‘अकाउंट’मध्ये जाऊन ‘अनलिंक धिस पीसी’. बहुतेकांना एवढंच पुरे होतं. अॅपच नको असेल तर विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, अॅप्स, इन्स्टॉल्ड अॅप्स इथून मायक्रोसॉफ्ट वनड्राइव्ह अनइन्स्टॉल करा. डिस्कवर उतरवलेल्या फाइली त्याने पुसल्या जात नाहीत. ठेवायचं पण सुरू होऊ द्यायचं नसेल, तर टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप अॅप्स’मध्ये ते डिसेबल करा.

एक गोष्ट हमखास राहून जाते. वनड्राइव्ह गेलं तरी वर्ड आणि एक्सेल नवी फाइल ढगातच ठेवायला बघतात, कारण मायक्रोसॉफ्ट ऑफिसमधलं लॉगिन वेगळं असतं. फाइल, ऑप्शन्स, सेव्ह इथे ‘सेव्ह टू कॉम्प्युटर बाय डिफॉल्ट’वर टिक करा.