बर्फ वितळू लागल्यावर ट्राउट आणि चार माशासाठी गळ टाकताना

नॉर्वे, आइसलँड किंवा अलास्का येथील नद्यांवर वसंताच्या आरंभी गळ टाकायला जाणाऱ्याने काठी आणि रिळाच्याही आधी थर्मामीटर खिशात ठेवावा, कारण या दिवसांत मासा कुठे बसेल आणि आमिषाला तोंड लावेल की नाही, हे पाण्याचे तापमान ठरवते. पाणी 4 अंश सेल्सियसच्या खाली असले की ट्राउटचे पचन मंदावते, जोरदार धारेत टिकून राहण्याचे कष्ट त्याला परवडत नाहीत आणि हातभर अंतरावरून गेलेल्या आमिषाकडेही तो सहसा वळत नाही. चार मासा (हा आकडा नव्हे, ट्राउटचा भाऊबंद) थंडी अधिक सोसतो. दोघांचे नियम वेगळे असू शकतात, म्हणून ओळख पक्की हवी: ट्राउटच्या फिकट अंगावर गडद ठिपके असतात, तर चारच्या गडद अंगावर फिकट ठिपके असतात आणि त्याच्या पोटाकडच्या परांची पुढची कड पांढरी असते.

पहाटे उठून नदी गाठण्यात या ऋतूत काही हशील नाही. साधारण अकरा ते तीन या वेळेत पाणी एखाददुसऱ्या अंशाने तापते आणि तेवढ्यानेही मासे हालचाल करू लागतात. मात्र लख्ख उन्हाच्या दिवशी दुपारनंतर डोंगरावरचे बर्फ वितळून पाणी गढूळ होऊ लागले आणि थर्मामीटरचा पारा उतरला, तर तिथे थांबण्यापेक्षा झऱ्याचे पाणी मिळणारा एखादा फाटा शोधावा, कारण झऱ्याचे पाणी या काळात बहुधा नदीपेक्षा उबदार असते.

मासे खळाळत्या उथळ पाण्यात सापडत नाहीत. खोल डोहाचा संथ भाग, मोठ्या खडकामागचा आडोसा आणि वेगवान धार जिथे संथ पाण्याला चिकटून वाहते ती सीमारेषा, या जागा आधी पाहाव्यात. आमिष तळालगत आणि पाण्याच्याच वेगाने वाहिले पाहिजे. त्यासाठी जलकीटकांच्या अळीसारखी दिसणारी वजनदार निम्फ दोरीला बांधून धारेच्या वरच्या बाजूला टाकावी आणि काठी उंच धरून दोरी ताणू न देता तिच्यामागून न्यावी. शिशाच्या वजनांवर काही देशांत बंदी असल्यामुळे टंगस्टनचा मणी घेतलेला बरा. थंड पाण्यातला मासा हिसका देत नाही. वाहती दोरी क्षणभर थबकते, जणू तळच्या गोट्याला अडकली आहे, आणि दहातल्या नऊ वेळा ती खरोखर गोट्यालाच अडकलेली असते. तरीही प्रत्येक वेळी काठी हलकेच उचलावी. स्पून (चमच्यासारखे धातूचे आमिष) वापरणाऱ्याने रीळ नेहमीच्या निम्म्या वेगाने फिरवावे. माझ्या मते या ऋतूतले बहुतेक अपयश घाईमुळे येते, आमिषाच्या रंगामुळे नव्हे.

हवा गोठणबिंदूखाली असली की काठीच्या कड्यांत बर्फ साचते आणि दोरी अडते. ते नखाने खरवडू नये, काठीचे टोक पाण्यात बुडवून धरावे म्हणजे बर्फ सुटते. काठावरच्या बर्फाच्या कडेवर मात्र पाय ठेवू नये, कारण खालून पाण्याने ते पोखरलेले असते. वेडरचा (पाण्यात उतरताना घालायच्या जलरोधक पोशाखाचा) कमरपट्टा घट्ट आवळावा, म्हणजे पाण्यात पडल्यास वेडरमध्ये पाणी झपाट्याने शिरत नाही.

आइसलँडमध्ये समुद्री ट्राउटचा हंगाम 1 एप्रिलला उघडतो, आणि तेव्हा गळाला लागणारे बरेच मासे शरद ऋतूत अंडी घालून नदीत हिवाळा काढलेले, समुद्राकडे परतणारे, अंगाने खंगलेले असतात; ते सोडून द्यावेत. यासाठी गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाकावा, हात ओले करावेत आणि मासा पाण्यातच ठेवून गळ काढावा, कारण गोठलेल्या हवेत त्याचे नाजूक कल्ले लवकर इजा पावतात. खडीच्या पट्ट्यांवरून चालणेही टाळावे: शरद ऋतूत घातलेल्या अंड्यांतून निघालेली इवली पिल्ले अजून त्या खडीच्या फटींतच असतात.