सायनोटाइपच्या डिजिटल निगेटिव्हसाठी स्कॅनर घेताय?

सायनोटाइप म्हणजे केमिकल लावलेल्या कागदावर निगेटिव्ह ठेवून उन्हात काढलेला निळा प्रिंट, आणि डिजिटल निगेटिव्ह म्हणजे त्यासाठी कॉम्प्युटरवर बनवून पारदर्शक फिल्मवर छापलेली निगेटिव्ह. स्कॅनर घेताना बहुतेक जण आधी डीपीआय (एका इंचात किती ठिपके वाचतो) विचारतात, ४८०० आहे का ६४००, पण कॅलिब्रेशनला (प्रिंटचे टोन मोजून निगेटिव्हसाठी दुरुस्तीचा कर्व्ह काढायला) त्याचा काही उपयोग नाही. आपल्याला फक्त स्टेप प्रिंटवरच्या (फिक्यापासून गडदपर्यंतच्या टोनचा चार्ट छापलेला चाचणीचा प्रिंट) चौकोनांचे आकडे वाचायचेत, त्याला ३०० डीपीआय भरपूर झालं. आणि स्कॅन करायचाय तो कागदावरचा प्रिंट, निगेटिव्ह नाही, त्यामुळे फिल्मची सोय असलेला महागडा स्कॅनरसुद्धा लागत नाही (घरी जुने रोल पडले असतील तर गोष्ट वेगळी).

खरं बघायचं ते एकच, तोच टोन काचेवर कुठेही ठेवा, आज ठेवा उद्या ठेवा, आकडा तोच यायला पाहिजे. सेकंडहँड घेत असाल तर एक वाळलेला स्टेप प्रिंट सोबत न्या, एकदा सरळ स्कॅन करा, मग काचेवरच अर्धा गोल फिरवून (डोकं खाली, पाय वर) परत करा आणि फोटोशॉपच्या इन्फोमध्ये लॅब (रंग आकड्यांत मोजायची पद्धत) लावून त्याच चौकोनाचा एल, म्हणजे उजळपणाचा आकडा, बघा. आयड्रॉपर (रंग वाचायचं टूल) ३१ बाय ३१ पिक्सेलच्या अ‍ॅव्हरेजवर ठेवा, नाहीतर कागदाचा दाणाच मोजाल. एकचा फरक चालतो, तीन-चारचा आला तर सोडून द्या, ती चूक थेट तुमच्या कर्व्हमध्ये जाऊन बसते.

शक्यतो सीसीडीवाला (लेन्समधून कागद वाचणारा सेन्सर असलेला) घ्या, एप्सन व्ही६०० सारखा. सीआयएसवाले (सेन्सर अगदी काचेलगत असलेले) पातळ आणि स्वस्त असतात पण काचेपासून कागद जरा उचलला की धूसर, आणि आपला वॉटरकलर पेपर धुऊन वाळला की लाटा येणारच, पावसाळ्यात तर विचारूच नका. सीआयएसवालाच घरात असेल तर झाकणावर जाड पुस्तकं ठेवून दाबा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ऑटो एक्स्पोजर, कलर करेक्शन, शार्पनिंग सगळं बंद करा, ४८ बिट कलर ठेवा आणि हे सेटिंग सेव्ह करून कायम तेच वापरा. माझं ऑटो एक्स्पोजर चालू राहिलं होतं, दर स्कॅनला सॉफ्टवेअर स्वतःच काळं-पांढरं ताणत होतं, मी मात्र केमिकल बिघडलं समजून नवीन द्रावण बनवत बसलो आणि तीन आठवडे गेले.

प्रिंट धुतल्या धुतल्या स्कॅन करू नका, निळा रंग हवेत गडद होत जातो, एक दिवस थांबा. आणि पांढऱ्याच्या शेजारचा गडद चौकोन जरा फिका वाचला जातो, म्हणून चार्टमध्ये प्रत्येक टोन दोन-तीन वेगवेगळ्या ठिकाणी टाका आणि सरासरी धरा.