घरच्या क्लाउड चेंबरमध्ये कणांच्या रेषा स्वच्छ कशा दिसतील?

क्लाउड चेंबर म्हणजे अल्कोहोलच्या वाफेने भरलेली थंड पेटी; डोळ्यांना न दिसणारा विद्युतभारित कण तिच्यातून गेला की मागे धुक्याची बारीक रेषा उमटते. ही पेटी जोडणं सोपं आहे. काचेच्या लहान फिशटँकच्या तळाला आतून फेल्ट (नमद्यासारखं जाड कापड) चिकटवा, ते आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवा आणि टँक काळ्या धातूच्या पत्र्यावर उपडा ठेवा. कडा नीट बंद करा. पत्र्याखाली ड्राय आइस (गोठलेला कार्बन डायऑक्साइड), बाजूने टॉर्च, खोलीत अंधार. अल्कोहोल ९९ टक्क्यांचंच घ्या, ७० टक्केवालं चालत नाही.

ड्राय आइस मी ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या कारखान्यांच्या पट्ट्यातून आणतो. उणे ७८ अंशांचा हा बर्फ सतत वायू सोडतो, म्हणून खोक्याचं झाकण घट्ट लावू नका, गाडीच्या आणि खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवा. जाड हातमोजे घाला. जवळपास ज्योत नको.

पंधरा मिनिटं थांबा.

आता खरी अडचण. पत्र्यालगत सेंटीमीटरभर धुकं साचतं, पण रेषांऐवजी नुसती भुरभुर दिसते. माझे कितीतरी प्रयत्न इथेच वाया गेले. मी फेल्ट बदललं, टॉर्च बदलला, आणि दोष मात्र आधीच्या कणांनी मागे सोडलेल्या आयनांचा, म्हणजे विद्युतभारित रेणूंचा, होता. कण हवेतून जाताना रेणूंमधले इलेक्ट्रॉन उडवतो, मागे आयन उरतात आणि त्यांच्यावर थेंब धरतात, तीच रेषा. हे आयन तिथेच रेंगाळले तर सगळीकडे थेंब धरतात, वाफ त्यांच्यातच संपते आणि नव्या कणाला काही उरत नाही. ते झाडून काढायला विद्युत क्षेत्र लागतं. क्लाउड चेंबरचे जनक विल्सन यांनीही आपल्या पेटीत हेच केलं होतं.

यासाठी मच्छर मारायच्या रॅकेटचं सर्किट जोडायचा सल्ला मिळतो. तो अजिबात ऐकू नका. आत अल्कोहोलची वाफ आहे, एक ठिणगी पुरेल. पीव्हीसीचा पाइप घ्या, पेटीपासून लांब, खोलीच्या दुसऱ्या टोकाला लोकरीने जोरात घासा आणि टँकच्या वर वीतभर अंतरावर धरा. अल्कोहोलची बाटली बंद आणि दूर हवी. पाइपवर ऋण भार येतो: धन आयन वर ओढले जातात, ऋण आयन पत्र्याकडे ढकलले जातात. पाच-दहा सेकंदांत धुकं निवळतं. पाइप बाजूला घेतला की रेषा उमटू लागतात.

पावसाळ्यात हे करायच्या फंदात पडू नका. माझं घर घोडबंदर रोडला आहे. खाडीच्या दमट हवेत जुलैमध्ये पाइपवर भार टिकतच नाही. डिसेंबर-जानेवारीतली कोरडी रात्र निवडा.

आणखी एक चुकीची समजूत: विद्युत क्षेत्राने रेषा वाकतील. वाकत नाहीत. आकाशातून येणाऱ्या म्युऑनची (इलेक्ट्रॉनच्या जड भावंडाची) ऊर्जा सरासरी ४०० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास असते. पाइपमुळे चार हजार व्होल्टचा फरक पडला, तरी त्याने होणारा बदल त्या ऊर्जेच्या दहा लाखांतला एक भाग. आयन मात्र संथ असतात, म्हणून तेच सरकतात. रेषा वाकवायला जोरदार चुंबक लागतो. १९३२ साली भौतिकशास्त्रज्ञ अँडरसन यांना पॉझिट्रॉन (धन भाराचा इलेक्ट्रॉन) सापडला तो चुंबकीय क्षेत्रात वाकलेल्या रेषेवरूनच.

जाड, आखूड रेषा अल्फा कणाची (हेलियमच्या अणुकेंद्राची), बारीक, लांब आणि सरळ बहुधा म्युऑनची, वेडीवाकडी संथ इलेक्ट्रॉनची. पुन्हा भुरभुर वाढली की पाइप पुन्हा घासा.