अ‍ॅडलेड १९८६ ची शर्यत कशी पाहावी : एका टायरवाल्याची पद्धत

सोलापुरात होटगी रोडला माझं टायरचं दुकान आहे. मे महिन्यात दुपारी बारा ते चार रस्त्यावर माणूस दिसत नाही, तेव्हा शटर अर्धं ओढून मी जुन्या फॉर्म्युला वनच्या शर्यती बघतो. सगळ्यात जास्त वेळा बघितली ती २६ ऑक्टोबर १९८६ ची, ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडची. मोसमातली शेवटची शर्यत, आणि तिघांपैकी कोणीही विश्वविजेता होऊ शकत होता. बहुतेक जण फक्त टायर फुटतो तेवढी अर्ध्या मिनिटाची क्लिप बघतात. त्यात काही कळत नाही. पूर्ण शर्यत बघायची तर कशी बघायची, ते सांगतो.

एक रेघांची वही आणि पेन्सिल घ्या. शर्यत लावायच्या आधी गुणांचा हिशोब मांडा, कारण सगळी गंमत त्या हिशोबात आहे. तेव्हा पहिल्या सहांना ९, ६, ४, ३, २, १ असे गुण मिळायचे. मोसमात सोळा शर्यती, पण गुण धरायचे फक्त सर्वोत्तम अकरा निकालांचे. अ‍ॅडलेडच्या आदल्या दिवशी विल्यम्स संघाचा नायजेल मॅन्सेल ७०, मॅक्लारेन संघाचा अ‍ॅलन प्रॉस्ट ६४ आणि विल्यम्सचाच नेल्सन पिके ६३.

आता मॅन्सेल तिसरा आला आणि प्रॉस्ट जिंकला असं धरा. मॅन्सेलला चार मिळतील, पण अकराच्या नियमाने त्याचा जुना दोन गुणांचा पाचवा क्रमांक गळेल. ७२. प्रॉस्टला नऊ मिळतील, त्याचा एक गुणाचा सहावा क्रमांक गळेल. तोही ७२. बरोबरी झाली तर जिंकलेल्या शर्यती मोजायच्या : मॅन्सेलच्या पाच, प्रॉस्टच्या चार. म्हणजे तिसरा क्रमांक मॅन्सेलला पुरत होता. चौथा पुरत नव्हता. हे एकदा स्वतःच्या हाताने लिहून काढलंत की पुढचे दोन तास तुमची नजर तिसऱ्या क्रमांकावरून हलणार नाही.

मग पानावर चार रकाने आखा. मॅन्सेल, प्रॉस्ट, पिके आणि चौथा केके रोझबर्ग. रोझबर्ग विजेतेपदाच्या स्पर्धेत नव्हता, प्रॉस्टचा जोडीदार होता आणि ही त्याची शेवटची शर्यत होती. तरी त्याचा रकाना हवाच. ३.७८ किलोमीटरचा रस्त्यावरचा ट्रॅक, ८२ फेऱ्या. सुरुवातीच्या फेऱ्या भराभर जाऊ द्या : मॅन्सेल सगळ्यात पुढून सुटतो, पहिल्याच फेरीत मागे पडतो, आणि सातव्या फेरीपासून रोझबर्ग पुढे निघून जातो. एवढं टिपलं की झालं.

बत्तिसाव्या फेरीला मात्र व्हिडिओ थांबवा. प्रॉस्टच्या गाडीला पंक्चर होतं, तो पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या बाजूला टायर बदलायच्या जागेत येतो, चारही टायर बदलतात. तो चौथ्या क्रमांकावर जातो आणि बघणाऱ्याला वाटतं, संपला बिचारा. पण त्या क्षणी प्रॉस्टकडे बघू नका, उतरवलेल्या टायरांचा विचार करा. टायर पुरवणाऱ्या गुडइयर कंपनीच्या तंत्रज्ञांनी ते तपासले, झीज फार नाही असं त्यांना दिसलं, आणि बाकीच्यांचे टायर शेवटपर्यंत टिकतील असा निष्कर्ष निघाला. वहीत या ओळीखाली दोन रेघा मारा.

इथे माझ्या दुकानातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. काही वर्षांपूर्वी चादरींचा माल भरलेला ट्रक हैदराबादला निघाला होता. ड्रायव्हर म्हणाला, मागचे बघा जरा. मी जोडीतला बाहेरचा टायर उतरवला, रबर बघितलं, हात फिरवला, चांगला होता. आतला तसाच असणार म्हणून उतरवला नाही. नळदुर्गच्या अलीकडे आतल्याचं रबर सुटलं. कोणाला लागलं नाही. पण चूक माझी होती. एका टायरने मला त्याच्यापुरतं खरं सांगितलं होतं, मी ते दुसऱ्याच्या नावावर खपवलं. प्रॉस्टचा हात हलका होता. गाडी न ओढता, न घसरवता वळणातून काढायची त्याची पद्धत. त्याच्या टायरावरून मॅन्सेलच्या किंवा रोझबर्गच्या टायरांचा अंदाज बांधणं म्हणजे तेच.

बत्तीस ते बासष्ट या फेऱ्या सलग बघा, पुढे ढकलू नका. प्रॉस्ट नव्या टायरांवर एकेक सेकंद भरून काढतो. दर पाच फेऱ्यांनी अंतर लिहा, म्हणजे मॅन्सेल त्याच्याशी जिवावर उदार होऊन का झुंजत नाही ते कळेल. त्याला तिसरा क्रमांक पुरे आहे, तो तुमच्याच वहीतला हिशोब डोक्यात ठेवून चालवतोय.

त्रेसष्टाव्या फेरीत पुढे असलेला रोझबर्ग गाडी बाजूला घेतो. मागून आवाज आला, त्याला वाटलं इंजिन गेलं, म्हणून त्याने इंजिन बंद केलं. उतरून बघतो तर उजव्या मागच्या टायरचं रबर सुटून गाडीच्या अंगावर आपटत होतं. रिमोल्डची, म्हणजे जुन्या टायरवर चढवलेल्या नव्या रबराची पट्टी सुटली की मडगार्डवर कसं फाडफाड वाजतं, ते ट्रकवाल्याला विचारा. हेल्मेट घालून टर्बो इंजिनच्या पुढे बसलेल्या माणसाला ते ओळखू आलं नाही, यात नवल नाही.

लगेच चौसष्टावी. मॅन्सेल तिसरा, म्हणजे त्या घडीला विश्वविजेता. लांब सरळ रस्त्यावर, ताशी सुमारे २९० किलोमीटर वेगात, डावा मागचा टायर फुटतो. हा भाग कमी वेगाने बघा, पण टायर बघून झाला की स्टिअरिंगवरचे त्याचे हात बघा. गाडी एका कोपऱ्यावर बसलीय, खालून ठिणग्या उडतायत, आणि तो ती भिंतींच्या मधून सरळ ठेवत पुढच्या मोकळ्या जागेत नेऊन थांबवतो. विजेतेपद गेलं, माणूस वाचला. मला अजूनही तिथे व्हिडिओ थांबवून पाणी प्यावं लागतं.

शेवटच्या फेऱ्यांत प्रॉस्टसाठी आणखी एक रकाना उघडा : इंधन. त्या वर्षी शर्यतीला १९५ लिटरच मिळायचं आणि मध्ये भरायला बंदी होती. त्याच्या गाडीतला आकडा शून्याच्या खाली, उणे पाच लिटर दाखवत होता. आकडा खरा असता तर गाडी आधीच थांबली असती. तो जिंकतो, रेषेपलीकडे लगेच गाडी थांबवतो आणि बाहेर पडून उड्या मारतो. प्रॉस्ट ७२, मॅन्सेल ७०, पिके ६९.

वही मिटू नका. मागे जाऊन पासष्टावी फेरी परत लावा, पिकेच्या रकान्यासाठी. मॅन्सेलचा टायर गेला तेव्हा पिके सगळ्यांच्या पुढे होता. तसाच राहिला असता तर विश्वविजेता तोच. विल्यम्सने त्याला आत बोलावलं आणि टायर बदलले. तो प्रॉस्टच्या मागे गेला, शेवटपर्यंत अंतर कमी करत राहिला आणि ४.२ सेकंदांनी हरला. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना मी ही फेरी आधी दाखवतो, फुटलेला टायर नंतर.