वीज आणि तेल कंपन्यांची कॅश कन्व्हर्जन सायकल वाचताना या चुका टाळा

कॅश कन्व्हर्जन सायकल म्हणजे धंद्यात घातलेला पैसा परत हातात यायला लागणारे दिवस. शेअर स्क्रीनरवर (कंपन्यांचे आकडे शेजारी-शेजारी दाखवणाऱ्या संकेतस्थळावर) एका औष्णिक वीज कंपनीसमोर ७२ दिवस आणि एका तेल विपणन कंपनीसमोर १५ दिवस असे आकडे दिसले की दुसरी कंपनी जास्त चांगली चालवली जाते, असं वाटून जातं. पण ऊर्जा क्षेत्रात हा आकडा व्यवस्थापनाच्या हुशारीबद्दल कमी सांगतो. समोरचा ग्राहक कोण आहे आणि त्याने पैसे थकवले तर त्याला कोणी हात लावू शकतं का, हे जास्त सांगतो.

हिशेब असा: मालाच्या साठ्यात पैसा अडकतो ते दिवस, अधिक विक्रीनंतर वसुलीला लागणारे दिवस, वजा पुरवठादाराचे पैसे आपण थांबवतो ते दिवस. एक काल्पनिक कोळसा-वीज कंपनी घेऊ. वर्षाची विक्री १०,००० कोटी रुपये, इंधनखर्च ६,००० कोटी, येणी (ग्राहकांकडून यायचे पैसे) २,५०० कोटी, कोळशाचा साठा ५०० कोटी आणि पुरवठादारांची देणी ८०० कोटी. येणी भागिले विक्री गुणिले ३६५, म्हणजे वसुलीचे ९१ दिवस. साठा आणि देणी इंधनखर्चाने भागली की अनुक्रमे ३० आणि ४९ दिवस. बेरीज-वजाबाकी केली की ७२. इथपर्यंत स्क्रीनरही येतो. चुका यापुढे सुरू होतात.

येणी एकाच ओळीत शोधणं

वीज कंपनीत सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. ताळेबंदात ‘ट्रेड रिसीव्हेबल्स’ अशी ओळ असते, ती उचलली की काम झालं असं आपण समजतो. वीज कंपनीची उधारी मात्र तीन-चार ठिकाणी विखुरलेली असते.

वीज रतीबाच्या दुधासारखी विकली जाते. मार्चभर पुरवठा करायचा आणि बिल एप्रिलमध्ये लावायचं. म्हणून ३१ मार्चला बरीच विक्री झालेली असते, पण तिचं बिल झालेलं नसतं. काही कंपन्या ही रक्कम येण्यांतच धरतात, काही ‘इतर वित्तीय मालमत्ता’ या शीर्षकाखाली ठेवतात. आपल्या कंपनीत ती ८०० कोटी असेल आणि बाहेर ठेवलेली असेल, तर वसुलीत आणखी २९ दिवस मिळवा.

दुसरी जागा म्हणजे दीर्घ मुदतीची येणी. केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये विलंब अधिभाराचे (बिल उशिरा भरल्यावर लागणाऱ्या जादा रकमेचे) नवे नियम आणले, तेव्हा वितरण कंपन्यांकडे वीज उत्पादकांचे सुमारे १.३९ लाख कोटी रुपये थकलेले होते. ही जुनी बाकी जास्तीत जास्त ४८ मासिक हप्त्यांत फेडायची सोय झाली. हप्ते वेळेवर भरले तर त्या रकमेवर पुढचा अधिभार लागत नाही. परिणामी, वर्षभरानंतर येणारे हप्ते चालू मालमत्तेतून उचलून दीर्घ मुदतीच्या मालमत्तेत गेले. फक्त चालू येणी बघणाऱ्याला वाटलं, वसुली झपाट्याने सुधारली. सुधारणा खरीच झाली, कारण नवी बिलं थकवणाऱ्याच्या वीजखरेदीवर निर्बंध आणण्याची तरतूदही याच नियमांत होती. ऑगस्ट २०२२ मध्ये महाराष्ट्रासह १३ राज्यांतल्या वितरण कंपन्यांना वीज बाजारात खरेदी-विक्री करायला मनाई झाली, ती याच तरतुदीखाली. पण आकड्यातली सगळी घट वसुलीची नव्हती, काही भाग निव्वळ जागाबदलाचा होता. आपल्या काल्पनिक कंपनीत असे ६०० कोटी असतील तर २२ दिवस आणखी. ७२ चे एव्हाना १२३ झाले.

वितरण कंपनी बघत असाल तर ‘रेग्युलेटरी ॲसेट’ शोधा. वीज नियामक आयोग मान्य करतो की खर्च झाला, पण दरवाढ मात्र पुढे ढकलतो. हा पैसा ग्राहकांकडून कधीतरी यायचा असतो, पण कोणाच्याही नावावर बिल नसतं, त्यामुळे तो येण्यांत दिसत नाही. दिल्लीत ही रक्कम इतकी साचली की ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला ती ठरावीक मुदतीत वसूल करण्याचा आदेश द्यावा लागला.

आणि बिल डिस्काउंटिंग. कंपनी वितरण कंपनीवरची बिलं बँकेला विकते, पैसे लगेच मिळतात आणि येणी ताळेबंदातून निघून जातात. यात गैर काही नाही. मात्र वितरण कंपनी अजूनही तितक्याच उशिरा पैसे देत असते. बँकेला ते मिळाले नाहीत तर जबाबदारी परत कंपनीवर येते का, हे ताळेबंदासोबतच्या टिपांमध्ये लिहिलेलं असतं. सूट देऊन विकलेली रक्कम परत मिळवून एकदा हिशेब करून पाहा.

या सगळ्यावर एक चांगली सोय आहे. २०२१-२२ पासून प्रत्येक कंपनीला येण्यांचा वयोमानानुसार तक्ता द्यावा लागतो: सहा महिन्यांहून कमी, सहा महिने ते एक वर्ष, एक ते दोन, दोन ते तीन आणि तीन वर्षांहून जास्त. वादग्रस्त आणि निर्विवाद रकमा वेगळ्या, बिल न झालेली रक्कमही वेगळी. मी वीज कंपनीच्या वार्षिक अहवालात नफा-तोट्याच्या पत्रकाआधी हा तक्ता उघडतो. ९१ दिवसांची सरासरी दोन प्रकारे तयार होऊ शकते. एकात सगळेच ग्राहक तीन महिन्यांनी पैसे देतात. दुसऱ्यात बहुतेक जण महिन्याभरात देतात आणि एक राज्य तीन वर्षं देतच नाही. जोखीम दुसऱ्यात आहे, आणि सूत्र दोघांना सारखंच मोजतं.

४५ दिवस कोणाचे, हे न विचारणं

केंद्रीय वीज नियामक आयोग ज्या प्रकल्पांचे दर ठरवतो, त्यांच्या दरातच खेळत्या भांडवलावरचं व्याज धरलेलं असतं. त्यात ४५ दिवसांची येणी गृहीत असतात, कोळशाच्या साठ्याचे दिवसही असतात. म्हणजे एनटीपीसीसारख्या सरकारी वीज उत्पादक कंपनीच्या पहिल्या ४५ दिवसांच्या उधारीचा खर्च वीज घेणाराच भरतो. त्यापुढचे दिवस भागधारकाच्या खिशातून जातात, आणि तेही पूर्णपणे नाही, कारण उशिरावर अधिभार मिळतो. हा अधिभार ‘इतर उत्पन्न’ म्हणून येतो आणि अनेक कंपन्या तो हातात पडल्यावरच नोंदवतात. एखाद्या वर्षी नफा अचानक फुगला तर आधी हे तपासा. मागच्या अनेक वर्षांचा अधिभार एका झटक्यात जमा झालेला असू शकतो.

खुल्या बाजारात वीज विकणाऱ्या कंपनीच्या दरात असं व्याज धरलेलं नसतं. तिथे पहिल्या दिवसापासून उधारीचा खर्च कंपनीच सोसते. दोन्ही कंपन्यांचे ९१ दिवस शेजारी ठेवून तुलना करू नका.

साठा कमी म्हणजे कारभार चांगला, असं मानणं

ऑक्टोबर २०२१ आठवा. देशातल्या औष्णिक केंद्रांमध्ये सरासरी चार दिवसांचा कोळसा उरला होता. त्या सप्टेंबरअखेरचा सहामाही ताळेबंद घेतला तर साठ्याचे दिवस कौतुक करावं इतके कमी दिसतील. प्रत्यक्षात केंद्रं बंद पडायच्या बेतात होती. त्यानंतर केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने खाणीजवळच्या केंद्रांना १२ ते १७ आणि दूरच्या केंद्रांना २० ते २६ दिवसांचा साठा ठेवायला सांगितलं. ऋतूनुसार त्यात फरक पडतो. म्हणून साठ्याचे दिवस या पट्ट्यात आहेत का, ते बघा. पट्ट्याच्या खाली असतील तर आनंद मानू नका.

३१ मार्चची तारीख इथेही फसवते. उन्हाळ्यासाठी कोळसा भरून ठेवलेला असतो आणि वर्षअखेरीस वसुलीचा धडाका लावलेला असतो. सप्टेंबरचा ताळेबंद शेजारी ठेवला की खरं चित्र कळतं. शिवाय साठ्यात सुटे भाग मिसळलेले असतात. कोळसा दोन-तीन आठवड्यांत जळतो, टर्बाइनचा सुटा भाग वर्षानुवर्षं कपाटात पडून राहतो. दोघांची बेरीज करून आलेले ‘साठ्याचे दिवस’ काहीच सांगत नाहीत. टिपेत दोन्ही वेगळे दिलेले असतात.

चुकीच्या रकमेने भागणं

तेल विपणन कंपन्यांमध्ये ही गंमत ठळक दिसते. इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्तान पेट्रोलियमच्या विक्रीत उत्पादन शुल्क धरलेलं असतं. मे २०२० मध्ये पेट्रोलवरचं हे शुल्क लिटरमागे ३२.९८ रुपयांवर गेलं होतं. विक्रीचा आकडा शुल्कामुळे फुगतो, भागाकार मोठ्या संख्येने होतो आणि वसुलीचे दिवस कमी दिसतात. शुल्क वजा करून दिवस मोजा. वसुली तशीही जलद असते, कारण पंपचालक बहुतेक रोखीत माल उचलतो. या कंपन्यांचा पैसा अडकतो तो कच्च्या तेलात, आणि सरकारकडे.

सरकारकडचा पैसा सूत्रात येतच नाही. घरगुती गॅस सिलिंडर खर्चापेक्षा कमी दराने विकल्याचा तोटा आधी कंपनी सोसते. भरपाई सरकारच्या मर्जीने येते: ऑक्टोबर २०२२ मध्ये २२,००० कोटी, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर झालेले ३०,००० कोटी, तेही बारा हप्त्यांत. मंजुरी येईपर्यंत हे ताळेबंदात येणं म्हणूनही दिसत नाही. १५ दिवसांचं सुंदर चक्र आणि वाढतं कर्ज एकत्र दिसलं, तर शोध इथून सुरू करा.

सौर आणि पवन वीज उत्पादकाला तर हे सूत्र लावूच नये. इंधन नाही, म्हणून साठा नाही. सगळ्यात मोठे खर्च घसारा आणि व्याज, मग देण्यांना भागायचं कशाने? त्यात पॅनेल पुरवणाऱ्याचे पैसे चुकून देण्यांत धरले तर देण्यांचे दिवस हजारावर जातात आणि स्क्रीनर उणे आकडा दाखवतो. ती भांडवली खर्चाची देणी आहेत, वेगळी काढा. इथे वसुलीचे दिवस आणि हातात आलेल्या रोखीतून व्याज किती वेळा भागतं, एवढं पुरतं.

उणे आकडा पाहून खूश होणं

किराणा-किरकोळ क्षेत्रात उणे चक्र ताकदीचं लक्षण मानतात. वीज वितरणात ते बहुतेकदा आजाराचं असतं. वितरण कंपनीने उत्पादकाला दिले नाहीत तेच पैसे उत्पादकाच्या ताळेबंदात येणी म्हणून बसलेले असतात, आणि उत्पादक तेच कोळसा कंपनीकडे पुढे ढकलतो. महावितरण शेअर बाजारात नाही, पण कृषिपंपांची हजारो कोटींची थकबाकी महानिर्मितीपर्यंत आणि तिथून पुढे कोळशापर्यंत कशी सरकते, हे महाराष्ट्रात कोणाला वेगळं सांगायला नको.

देण्यांचे दिवस वाढले असतील तर टिपेत ‘ॲक्सेप्टन्सेस’ शोधा. पुरवठादाराला बँकेने पैसे देऊन टाकलेले असतात आणि कंपनी बँकेला नंतर देणार असते. नावाला देणी, स्वभावाने कर्ज. सूक्ष्म व लघुउद्योगांची देणीही वेगळी दाखवलेली असतात. कायद्याने त्यांना जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात, तेव्हा तिथली जुनी बाकी ही रोख संपत आल्याची पहिली खूण असू शकते.

उणे किंवा जवळपास शून्य चक्र निरोगी असू शकतं, जसं महानगर गॅससारख्या शहरी गॅस कंपनीत. सीएनजीचे पैसे पंपावरच मिळतात, गॅस साठवून ठेवावा लागत नाही. घरगुती ग्राहकांची अनामतही हाताशी असते, जरी ती या सूत्रात धरली जात नाही.

दोन संकेतस्थळांवर एकाच कंपनीचे वेगळे आकडे का

कारण एक वर्षअखेरची येणी घेतं, दुसरं वर्षारंभ आणि वर्षअखेरीची सरासरी. एक साठ्याला विक्रीने भागतं, दुसरं खर्चाने. कुठलंही चालेल, फक्त दहा वर्षं एकच पद्धत ठेवा.

फरक त्याहून मोठा असेल तर एकत्रित (उपकंपन्यांसह) आणि स्वतंत्र (फक्त मूळ कंपनीच्या) ताळेबंदाची गल्लत झालेली असू शकते. टाटा पॉवर घ्या: मुंद्र्याचं कोळसा-वीज केंद्र, मुंबई, दिल्ली आणि ओडिशातलं वितरण, छतांवरचे सौर संच आणि पॅनेलचा कारखाना, सगळं एकाच एकत्रित ताळेबंदात. त्यातून निघालेली एक कॅश कन्व्हर्जन सायकल यातल्या कुठल्याच धंद्याची नसते. विभागवार माहितीच्या टिपेत प्रत्येक विभागाचं उत्पन्न, मालमत्ता आणि देणी दिलेली असतात. दिवस तिथूनही नेमके निघत नाहीत, पण कुठल्या विभागात उत्पन्नापेक्षा मालमत्ता वेगाने वाढते आहे, हे कळतं. मग उपकंपन्यांचे स्वतंत्र ताळेबंद कंपनीच्या संकेतस्थळावर मिळतात. पैसा कुठे अडकला आहे ते तिथे सापडतं.